पाठीनं चालणारं मशीन

वन्संना खुर्चीवर बसवायला आम्ही दोघं लागलो. सुकुमारनं मागून काखेत हात घालून त्यांना उचललं आणि मी पाय धरले. मला तेव्हा सातवा महिना होता. तो "तू बाजूला हो" म्हणत होता, पण त्या पायांना वजन असं नव्हतंच. तीन वर्षांच्या असताना पोलिओ झाला, तेव्हापासून ते वाढलेच नव्हते. समोर टेबलावर नवं शिलाई मशीन होतं. पांढरं, हलकं, बटण फिरवलं की वीस तऱ्हेची नक्षी काढणारं. कोल्हापूरला जाऊन मीच ते पसंत केलं होतं.

वन्संनी टेबलाची कड दोन्ही तळहातांनी दाबली. बोटांनी धरणं त्यांना जमत नव्हतं. गेल्या दोन वर्षांत संधिवातानं सगळी बोटं करंगळीच्या बाजूला वळून आखडली होती. सुकुमारनं हात काढले तशा त्या डावीकडे कलल्या. त्यानं घाईनं पुन्हा धरलं.

"गौर बसवल्यागत बसवलंय मला," त्या म्हणाल्या. "आता आरती तेवढी करा."

मी हसले. सुकुमारही हसला. त्या हसल्या नाहीत.

"खाली ठेव मला, सुकुमार. उंचावर भ्या वाटतंय."

पद्माक्का म्हणजे सुकुमारची थोरली बहीण, माझी नणंद. आई लवकर गेली तेव्हा याच बाईनं जमिनीवर बसून, तळहातांवर सरकत सरकत, घर चालवलं आणि भावाला वाढवलं. इचलकरंजीतल्या आमच्या गल्लीत दिवसभर मागांची खटखट चालते. त्या खटखटीत बसून त्यांनी वीस वर्षं वाकळी शिवल्या. गोधडीला आमच्याकडे वाकळ म्हणतात. जुन्या लुगड्यांचे पाच पदर एकमेकांवर घालून, एकसारख्या बारीक धावदोऱ्यानं शिवलेली वन्संची वाकळ गल्लीतल्या बहुतेक पोरांच्या अंगावर पडलेली होती.

संध्याकाळी सुकुमार दस्तगीरचाचांना घेऊन आला. चाचा कापडपेठेमागे शिंप्यांची मशीनं दुरुस्त करायचे. सुकुमार मागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, त्यामुळे दोघांची जुनी ओळख. चाचांनी पांढरं मशीन एका हातानं उचललं, खाली ठेवलं आणि ह्याच्यावर काय शिवायचं म्हणून विचारलं. वाकळ, असं मी सांगितल्यावर त्यांनी मशीन एका बोटानं मागे सरकवलं. मग म्हणाले, फ्रॉकवर फुलं काढायला हे बरं आहे, पण पाच पदर लुगडं याच्या सुईखाली घातलं तर ते रडेल. आणि इतकं हलकं, की कापड ओढलं की कापडाबरोबर मशीनही मांडीवर येईल.

नंतर ते माझ्याकडे पाठ करून वन्संकडे वळले.

"आक्का, तुम्ही वाकळ कुठं बसून शिवत होता?"

"खाली. वाकळ काय टेबलावर शिवत्यात व्हय?"

"मग ह्यांनी टेबल कशाला आणलं?"

"तिला इचारा. ती सांगलीची हाय."

चार लोकांसारखं वन्संनी खुर्चीवर ताठ बसावं, समोर टेबल असावं, असं चित्र मी मनात धरून बसले होते. त्यात त्या किती सुंदर दिसत होत्या. त्यांना कुठं बसायला आवडेल, हे विचारायचं मात्र माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

चाचांनी माप घेतलं नाही, कागद काढला नाही. चहा घेतला आणि भिंतीला टेकून बसून राहिले. वन्संना म्हणाले, तुमचं काम चालू द्या, मी बसलोय. वन्संनी पीठ मळलं. बोटं मिटलेलीच, पण तळहाताच्या टाचेनं त्या कणीक अशी दाबायच्या की परात सरकायची. वरच्या फळीवरचा डबा काढायचा तेव्हा भिंतीला पाठ लावून, खांद्यांनी भिंत रेटत, अंग वर उचलायच्या. चाचा तासभर बघत राहिले.

"हाताच्या टाचा चालत्यात," शेवटी ते म्हणाले. "आणि पाठ दणकट हाय."

"बैल घ्यायला आलाय काय बाजारात?"

"बैल बरा, आक्का. त्याला पाय तरी असत्यात."

सुकुमारचा चेहरा पडला. वन्सं मात्र तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. कितीतरी दिवसांनी.

"मशीन कशाला पाहिजे? जीव रमवायला, का काही काम हाय?" चाचांनी विचारलं.

वन्संचं हसू थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"भावाच्या लेकराला वाकळ शिवायची हाय," त्या म्हणाल्या. "बारशाच्या आत."

आमच्याकडे बाळाची पहिली वाकळ आत्या शिवते. तो तिचा मान. बारशाला तीच बाळाच्या कानात नाव सांगते आणि तिनंच शिवलेल्या वाकळीवर बाळाला घालतात. पण मूल जन्मायच्या आधी ती शिवून ठेवायची नाही, असाही रिवाज आहे. म्हणजे आत्याच्या हातात जन्मापासून बारशापर्यंतचे बारा दिवस. धडधाकट बोटांची बाई असेल तरी पाच पदरांची वाकळ शिवायला आठवडा जातो.

हे आमचं दुसरं मूल असणार होतं. अडीच वर्षांपूर्वी पहिला मुलगा आठव्या महिन्यातच झाला आणि राहिला नाही. त्यानंतर वन्संनी सुई हातात घेतली नाही. मग बोटं आखडली, आणि बोटं आखडली म्हणून शिवत नाहीत असं सगळे म्हणू लागले. मी या मशीनच्या मागे एवढी लागले त्याला दुसरंही एक कारण होतं. ते मी सुकुमारलाही सांगितलेलं नव्हतं.

चार दिवसांनी चाचा हातगाड्यावर एक काळं, लोखंडी, जुनं मशीन घालून आले. कुठल्याशा शिंप्यानं टाकून दिलेलं. सरळ टाक्याशिवाय त्याला काही येत नव्हतं, पण दोन माणसं लावल्याशिवाय जागचं हलत नव्हतं. पांढरं मशीन मी पुन्हा खोक्यात घातलं. चाचांनी एका जाड फळीत खाच पाडून काळं मशीन तिच्यात असं उतरवलं, की फळी आणि सुईखालची पट्टी एका पातळीत आली. फळी जमिनीपासून जेमतेम वीतभर. वाकळ पसरली की तिचं वजन चारी बाजूंनी जमीनच पेलणार. वन्संनी त्या फळीवरून तळहात फिरवला, सारवलेल्या जमिनीवरून फिरवतात तसा.

मशीनला मोटर बसवली. आता प्रश्न होता ती चालवायची कशानं. पाय नाहीत, बोटं नाहीत. कोपरानं दाबायचं म्हटलं तर एक हात त्यातच अडकणार, आणि वाकळ सरकवायला दोन्ही हात लागतात. सुकुमारनं हनुवटीनं दाबायची दांडी सुचवली. वन्सं म्हणाल्या, मग मी बोलू कशानं? चाचांनी मोटरचं पायडल काढलं, एका लाकडी फळकुटावर उभं ठोकलं आणि ते वन्संच्या पाठीमागे भिंतीला लावलं. मागे टेकलं की मशीन चालणार, पुढे झुकलं की थांबणार.

पहिल्या दिवशी वन्सं दमल्या आणि सवयीनं मागे टेकल्या. मशीन सुरू झालं आणि सरावाला घेतलेलं अख्खं पोतं सुईखालून पार गेलं. आम्ही तिघंही घाबरलो. चाचा एकटेच शांत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळकूट कापून मुठीएवढं केलं आणि फक्त डाव्या खांद्यामागे बसवलं. सुकुमारनं कारखान्यातून मागाची एक जुनी स्प्रिंग आणली, ती त्याच्यामागे घातली. आता उजव्या अंगानं टेकलं की विसावा, डाव्या खांद्यानं रेटलं की शिलाई. जितकं रेटावं तितका वेग. सुईखाली कापड दाबणारा दाब उचलायला मागं एक बारकी दांडी असते. तिला चाचांनी सायकलचा ब्रेक जोडला, म्हणजे मनगटानंही ती ओढता यावी. सुईभोवती तारेचं कडं केलं, हात आत जाऊ नये म्हणून. आणि दोऱ्याच्या बारक्या रिळाऐवजी सुताचा मोठा कोन लावला, वरचा दोरा महिनाभर संपणार नाही असा.

एवढं करूनही सुईत दोरा मलाच ओवावा लागे. दोरा तुटला तरी वन्सं मला हाक मारायच्या नाहीत. मी आपणहून तिकडून जाईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहायच्या.

दोन महिने त्या शिकत होत्या. पिठाची पोती, फाटक्या चादरी, सुकुमारच्या जुन्या विजारी, सगळ्यावर रेघा मारल्या. पहिल्या रेघा नागमोडी, मग थोड्या सरळ. चाचा आठवड्यातून एकदा येऊन रेघा बघायचे आणि कुठलातरी स्क्रू पिळून जायचे. एकदा जाताना मला दारात म्हणाले, "आता मशीनचं काम संपलं. पुढचं तुमच्या घरचं." मला वाटलं, ते मेहनतान्याबद्दल बोलताहेत.

या दोन महिन्यांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. वन्सं जे काही शिवायच्या ते मोठंच असायचं. बाळाच्या मापाचं काहीही, सरावापुरतंसुद्धा, त्यांनी त्या मशीनखाली घातलं नाही.

मुलगी झाली. सुखरूप झाली. तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. वन्सं उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि बाळाच्या कपाळाला मनगटाची आतली बाजू लावली. बोटं लावली नाहीत. टोचतील, म्हणाल्या.

बाळंतिणीनं दहा दिवस खोलीबाहेर यायचं नाही, असं आमचे सासरे आण्णा यांचं म्हणणं. मी खोलीत पडून कान देऊन ऐकत राही. मागांची खटखट, आण्णांचा खोकला, बाहेर भाजीवाली. मोटरचा आवाज तेवढा यायचा नाही. चौथा दिवस गेला, पाचवा गेला. सुकुमारला विचारलं तर तो म्हणाला, आक्कानं लुगडी धुऊन, वाळवून, पदर लावून ठेवलेत, बसते समोर, पण सुरू करत नाही. दोरा तुटलाय का, मी विचारलं. नाही, म्हणाला. चाचांनाही बोलावून आणलं. त्यांनी मशीन तपासलं, चालवून दाखवलं आणि गेले.

आठव्या दिवशी दुपारी आण्णा झोपले होते. मी बाळाला घेतलं आणि खोलीबाहेर आले.

वन्सं मशीनसमोर बसल्या होत्या. उजव्या अंगानं टेकलेल्या. मांडीवर पदर घातलेली लुगडी. मला बघून त्या दचकल्या.

"दहा झालं न्हाईत अजून. आत जा, त्रिशला."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. बाळ मांडीवर होतं. अडीच वर्षं जे गिळून बसले होते ते बोलायला मला फार वेळ लागला. पहिल्या खेपेला दवाखान्यातून रिकाम्या हातानं परत आले तेव्हा वन्सं अशाच उंबऱ्याशी बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघून म्हटलं होतं, तुम्ही आधीच शिवायला घेतलीत, म्हणून असं झालं. सातव्या महिन्यापासून त्या वाकळ शिवताना मला दिसत होत्या. तेव्हा मला त्याचं कौतुकच वाटायचं. पण त्या दिवशी कुणावर तरी ते टाकायला हवं होतं, आणि समोर त्या होत्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हापासून त्यांच्या हातात मला सुई दिसली नाही. त्या वाकळीचं काय झालं, हेही मी कधी विचारलं नाही. जाळली असेल, असं धरून चालले होते.

"मी बोलले ते खोटं होतं, वन्सं," मी म्हणाले. "मला तेव्हाही ठाऊक होतं."

वन्संनी मशीनवरची धूळ मनगटानं पुसली. धूळ नव्हतीच.

"कोपरा उघडा ठिवला हुता गं," त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही.

"रिवाज काय हाय? पुरी करायची न्हाई. शिवायची न्हाई असं कुठं हाय? माझी आई असंच करायची. चारी कडा घालायच्या, एक कोपरा सोडायचा. लेकरू आलं की तेच्यात घास घालायचा नि मग कोपरा बंद करायचा. वाकळ उपाशी ठिवायची न्हाई."

घासाचं मला माहीत होतं. भाकरीचा तुकडा आणि चिमूटभर साखर शेवटच्या कोपऱ्यात घालून तो शिवतात, म्हणजे पांघरणाराला कधी काही कमी पडत नाही. पण तो कोपरा आधीपासून असा राखून ठेवतात, हे मला माहीत नव्हतं. अडीच वर्षं त्यांनी ते मला सांगितलंही नव्हतं.

"मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुझी कूस रिकामी. मी रिवाज सांगत बसू?"

बाळानं अंग ताणलं, पुन्हा झोपलं. वन्सं त्याच्याकडे बघत बोलत राहिल्या. आवाज नेहमीचाच होता, स्वैपाकाचं सांगावं तसा.

"तू दवाखान्यात हुतीस. सुकुमार नि आण्णा त्याला घेऊन दारात आले. रिक्षा थांबलेली. आत आणलं न्हाई. आण्णा म्हटले, एखादं कापड दे गुंडाळायला. मी म्हटलं, थांबा जरा. सकाळची भाकरी हुती. तुकडा घेतला, साखर घेतली, कोपऱ्यात घातली. मग कोपरा शिवला. बोटं तवाच दुखत हुती, येळ लागला. रिक्षावाला हारन वाजवत हुता. आण्णा रडत हुते. मी म्हटलं, हारन वाजीव न्हाईतर आणि काय कर, लेकरू माझ्या घरातनं उपाशी जाणार न्हाई."

मागांची खटखट चालू होती.

"आधी शिवली हुती म्हणून त्याला अंगावर घ्यायला तरी मिळाली," वन्सं म्हणाल्या. "माती गार असती."

मग त्याच म्हणाल्या, मी सुरू करत नव्हते ते तुझ्या त्या बोलण्यावरून नाही. "तू मशीन आणलंस, चाचा आणलेस, मोटर लावलीस. पण 'माझ्या लेकराला शिवा' असं तुझ्या तोंडानं निघालं न्हाई. मी कसं धरून चालू?"

ते खरं होतं. मला वाटलं होतं, एवढं सगळं केल्यावर ते म्हणायची गरज काय.

"शिवा, वन्सं," मी म्हणाले. "माझ्या मुलीला वाकळ शिवा."

त्यांनी मान हलवली. मग लुगड्यांच्या घडीकडे बघून म्हणाल्या की आणखी एक अडचण आहे, ती चाचांच्यानंही सुटायची नाही. दोन वेळा त्यांनी पोत्यावर करून बघितलं होतं. कडा मशीन घालतं, मधल्या रेघा घालतं, पण घास घातलेला कोपरा सुईखाली जात नाही. तो हातानंच दुमडावा लागतो, हातानंच शिवावा लागतो. आणि ह्या बोटांत सुई राहत नाही.

"मी शिवला तर?"

"तुला येतं?"

"नाही."

"आत्याची वाकळ, नि कोपरा आईच्या हातचा. असं कुणी केलेलं मी ऐकलं न्हाई." त्यांनी थोडा विचार केला. "पण असू नये असंबी कुणी म्हटलेलं न्हाई. दोरा ओव."

मी बाळाला बाजूला निजवलं आणि सुईत दोरा ओवला. त्यांनी लुगड्यांची कड फळीवर ओढली, तळहातांनी सारखी केली, मनगटानं ब्रेक ओढून सोडला आणि डावा खांदा मागे रेटला. आण्णा उठून दारात आले. मला खोलीबाहेर बसलेली त्यांनी बघितलं आणि ते परत आत गेले.

पुढचे तीन दिवस मोटर चालू होती. मी समोर बसून वाकळीचं दुसरं टोक उचलून धरायची, बाळ रडलं की उठायची. रेघा सरळ आल्या नाहीत. दोन ठिकाणी तर एकमेकींना छेदून गेल्या. बाराव्या दिवशी सकाळी, बाया यायच्या आधी, एक कोपरा तेवढा उरला. वन्संनी भाकरीचा तुकडा दोन तळहातांमध्ये धरून मोडला, साखरेत दाबला आणि कोपऱ्यात सारला. कोपरा कसा दुमडायचा ते त्या सांगत होत्या आणि मी दुमडत होते. माझा टाका मोठा पडत होता. एकदा बोटात सुई गेली.

"घाई करू नको," त्या म्हणाल्या. "बाया थांबतील."

मी शेवटचा टाका घातला आणि गाठ मारायला दोरा वर ओढला.

"वर नको," वन्सं म्हणाल्या. "गाठ आत घे. तिच्या अंगाला टोचंल."